बुधवारची फुकट व्याख्यानं

कोलोरॅडो,
१२ डिसेंबर २००४

प्रिय प्रतिमा,

सुखरूप पोचले हे निमिषनं तुला फोनवर सांगितलंच आहे, तेव्हा हालहवाल विचारण्यात कागद घालवत नाही. थेट मुद्द्यावर येते. तू इथे हवी होतीस. हे वाक्य या पत्रात पुन्हा येईल, चिडू नकोस.

निमिषनं न्यू जर्सीतल्या पार्सिपनीची चांगली नोकरी सोडून या स्की रिसॉर्टमध्ये कंप्युटरचं काम धरलं तेव्हा आपण दोघींनी त्याला वेड्यात काढलं होतं. मी माझे शब्द मागे घेते. अगं, घरच नऊ हजार फुटांवर आहे. जिना चढले की धाप लागते आणि मला हसू येतं, कारण ही धाप ओळखीची आहे. सत्त्याहत्तर साली बेस कॅम्पच्या वाटेवर लागायची तीच.

तर बुधवारची गोष्ट. स्वानंदी शाळेतून एक कागद घेऊन आली. रिसॉर्टच्या लॉजमध्ये दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता साहसाची फिल्म आणि भाषण, प्रवेश फुकट, वर गरम कोको. सूनबाई म्हणाली, "आई, अमेरिकेत फुकट काही नसतं. आत बसवून टाइमशेअर विकतात." न्यू जर्सीत त्या दोघांना असंच एकदा सुट्टीतल्या घराचा हिस्सा खपवायला फुकट जेवायला बोलावून तीन तास डांबून ठेवलं होतं म्हणे. स्वानंदीनं डोळे फिरवले. "आजी, इट्स जस्ट फ्री. लाइक, फ्री फ्री." मी पर्स घरी ठेवली आणि नातीचा हात धरून गेले.

आणि प्रतिमा, खरंच फुकट होतं. दिवसा जिथे लोक सूप पितात, तिथली टेबलं भिंतीला सरकवून पडदा लावला होता. दीडशे-दोनशे माणसं. निम्मी जमिनीवर, पायात ओले मोजे. ज्या बाईची फिल्म, ती स्वतः हजर. ती आणि तिची बहीण एकतीस दिवसांत दक्षिण अमेरिकेतली एक अख्खी हिमनदी स्कीवरून ओलांडून गेल्या. तिनं मधेच सांगितलं की विसाव्या दिवशी दोघींचं साखरेवरून भांडण झालं. आपलं नव्हतं का झालं, दुधाच्या पावडरवरून? मी एकटीच एवढ्या मोठ्यानं हसले की तिनं माझ्याकडे पाहिलं.

आता पुढचं ऐक आणि कपाळावर हात मार. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, लोक सरळ उठून कोट चढवायला लागले. आभार मानायला कुणी उभंच राहिना. मी वाट पाहिली. मला वाटलं, सेक्रेटरी आत गेले असतील. कुणी नाही. बत्तीस वर्षं शाळेत प्रत्येक गॅदरिंगला आभारप्रदर्शन कोण करत होतं? माझे पाय आपोआप उभे राहिले. "वन मिनिट प्लीज," म्हटलं आणि मानले की सगळ्यांचे आभार. बोलणारी बाई, तिची बहीण, प्रोजेक्टरवाला, कोको करणाऱ्या मुली आणि शेवटी शांतपणे ऐकणारे रसिक श्रोते. त्या ओघात तोंडातून निघून गेलं की मीही एकोणीसशे सत्त्याहत्तरमध्ये हिमालयात वीस हजार फुटांवर गेले आहे. लोक कोट हातात धरून उभे. मग अशा टाळ्या पडल्या की काय सांगू. स्वानंदी लाजेनं टेबलाखाली गेली होती.

हे कार्यक्रम भरवते ती लिंडा नावाची बाई, पन्नाशीची, माझा हात सोडायला तयार नव्हती. म्हणाली, आठ वर्षांत असं कुणी केलं नाही. पुढच्या बुधवारी पण कराल का?

तू इथे हवी होतीस.

तुझी,
सुलेखा

०

नाशिक,
२९ डिसेंबर २००४

सुलेखा,

तुझं पत्र मिळालं. शैलजाला वाचून दाखवलं. सून असूनही ती माझ्यासमोर पोट धरून हसली, इतकं हसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताची खीर झाली. दोष तुझा.

परक्या देशात, न बोलावता, माइक नसताना आभार. तुला शाळेतून रिटायर केलं पण शाळेला तुझ्यातून कुणी काढलं नाही. लिंडाबाईंना सांग, अध्यक्षांची ओळख करून द्यायलाही ही बाई उपलब्ध आहे.

शैलजा म्हणते मी इ-मेल शिकावं. एलआयसीत तीस वर्षं माणसांची अक्षरं वाचली, आता काचेवरची वाचवत नाहीत. फोनवर तू एकटीच बोलतेस. तेव्हा पत्रच बरं.

त्या हिमनदीवाल्या बहिणींचं अजून लिही. भांडण मिटलं कसं? आणि मोहिमेबद्दल तू तिथे नेमकं काय काय बोललीस? वीस हजार फूट म्हणालीस तेवढ्यावर थांबलीस ना?

थंडीत मफलर कानावरून बांध.

प्रतिमा

०

कोलोरॅडो,
११ जानेवारी २००५

प्रिय प्रतिमा,

बसून वाच. मला भाषणाला बोलावलंय.

मला. सुलेखा दाभाडकरला. दोन मार्चच्या बुधवारी, सात वाजता, फोटोंसकट पाऊण तास. लिंडानं छापील पत्रकात नावसुद्धा घातलंय. निमिषनं ते फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. आभारांचा आता रिवाजच झालाय. पाच बुधवार मी उभी राहतेय, आणि मागच्या वेळी मी उठायच्या आधीच पोरं "थँक्स लेडी, थँक्स लेडी" ओरडायला लागली.

मी काय काय पाहिलं म्हणून सांगू. एक म्हातारा सायकलवरून आर्क्टिकपर्यंत जाऊन आला, त्याचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. एका मुलीनं नदीतल्या नावेवर चाळीस दिवस काढले. मी वहीत लिहून ठेवते, परत आले की तुला एकेक सांगीन, तू झोपलीस तरी सांगीन.

पण त्यातलीच एक गोष्ट आता सांगायला हवी. परवा हॉलमध्ये एका पोरानं आपले ओले बूट शेकोटीला अगदी खेटून ठेवले. मी उठले, ते उचलले आणि लांब ठेवले. त्यानं विचारलं, काय झालं? मी आपली जागेवर परत येऊन बसले.

प्रतिमा, सत्तावीस वर्षं आपण या विषयावर एक अक्षर बोललो नाही. मी आज कागदावर लिहिते. शेवटच्या कॅम्पवर मी माझे ओले बूट स्टोव्हजवळ वाळत घातले. घालू नका असं गोगटेबाईंनी लीडर म्हणून दहा वेळा बजावलं होतं. उठून पाहते तर एका बुटाचा तळ पुढून उकललेला. माझा चढ तिथेच संपला होता. तू काही न बोलता तुझे बूट काढलेस. दोघींचा नंबर पाच. वॉकी-टॉकीवर बाईंना सांगितलंस की तुझं पोट बिघडलंय, तू थांबतेयस. मी शेर्पा पासांगबरोबर शिखरावर गेले. तू तंबूत बसलीस.

नाशकात माझी मिरवणूक निघाली. अहवालात तुझ्या नावापुढे "प्रकृतीने साथ न दिल्याने" असं छापलं. आणि एकोणऐंशीच्या मोहिमेला त्याच वाक्यामुळे बाईंनी तुझं नाव काढलं. मी गेले. तू पुन्हा कधीच हिमालयात गेली नाहीस. मी एक शब्द बोलले असते तरी तुझं नाव राहिलं असतं. माझी चूक बाहेर येईल म्हणून मी बोलले नाही. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

दोन मार्चला मला हे सांगायचंय. मला त्या लोकांपुढे उभं राहून शिखराचे फोटो दाखवायचे आणि हे गिळायचं, ते आता जमणार नाही. तुझी परवानगी हवी. आणि माझ्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे आहे, त्यातला निळा अल्बम काढून फोटो पाठवशील?

उत्तराची वाट बघते. पोस्टमन इथे जीपमधून येतो, मी रोज खिडकीत उभी असते.

सुलेखा

०

नाशिक,
२५ जानेवारी २००५

सुलेखा,

अभिनंदन. मनापासून. शैलजानं बिल्डिंगभर सांगितलंय, सकाळी दूधवाला मला विचारत होता.

फोटो शैलजानं ऑफिसात स्कॅन करून निमिषच्या मेलवर पाठवलेत. नऊ आहेत. चौथ्यात तुझी जीभ बाहेर आहे, तो वगळ.

बुटांचं सांगायचं नाही. शपथ वगैरे घालत नाही, साधं सांगते. झालं ते झालं. लोक बर्फ बघायला येणार, त्यांना बर्फ दाखव. शिखर दाखव, झेंडा दाखव, पासांगचा विनोद सांग. माझं पोट बिघडलं होतं असंच राहू दे.

साडी नेस. स्वेटर साडीच्या आतून घाल, वरून घातलास की तू गाठोडं दिसतेस.

प्रतिमा

०

कोलोरॅडो,
४ मार्च २००५

प्रतिमा, प्रतिमा, प्रतिमा,

परवा झालं. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

हॉल भरून लोक जिन्यावर बसले होते. लोकांना डोंगरावर नेणारी लिफ्ट चालवणारी पोरं युनिफॉर्मवर आली. डोंगरावर जखमी लोकांना उचलून आणणारं पथक असतं इथे, त्यांना स्की पेट्रोल, म्हणजे गस्तवाले, म्हणतात, ते सगळे लाल जॅकेटमध्ये मागे उभे. निमिष, सूनबाई पहिल्या रांगेत. मी काठाची हिरवी साडी नेसले, स्वेटर आतून. पायात स्नो-बूट, कारण चप्पल घालून मी लॉजपर्यंत पोचलेच नसते. स्वानंदी लॅपटॉपवर फोटो पुढे ढकलायला बसली होती आणि चौथा फोटो तिनं मुद्दाम दोनदा दाखवला.

माझं इंग्रजी कसं झालं विचारू नकोस. भूगोल शिकवल्यासारखं शिकवत सुटले. सह्याद्रीतले आपले रविवारचे ट्रेक, साडीचा काचा मारून कातळ चढणाऱ्या बायका, भाड्यानं आणलेली दोरी, सगळं सांगितलं. नऊवारी नेसून बेस कॅम्पवर पोळ्या लाटणाऱ्या आपल्या ताईंचा फोटो आला तेव्हा लोक उभे राहिले.

मग शिखराचा फोटो आला. मी एकटी, हातात झेंडा. 

मी तुझं ऐकलं नाही. पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, ही बाई अजूनही मला सांभाळतेय. म्हणून मी सांगितलं. सगळं सांगितलं, स्टोव्ह, उकललेला तळ, तुझे बूट, वॉकी-टॉकी, अहवालातलं वाक्य, माझं गप्प बसणं. म्हटलं, या फोटोत पाय माझे आहेत, बूट प्रतिमाचे आहेत. तिनं मला शिखर दिलं आणि स्वतःचं सगळं सोडून दिलं, आणि आजपर्यंत एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

पहिल्या रांगेतला एक धिप्पाड माणूस चक्क रडत होता. लिंडा रडत होती. तुझ्या नावानं टाळ्या वाजल्या, प्रतिमा, दोनशे माणसं तुझं नाव घेत होती, "प्रटीमा, प्रटीमा" अशी. मी किती हलकी झाले आहे तुला सांगता येत नाही. काल सकाळी मी जिना चढले आणि धापच लागली नाही.

रागावली असशील तर रागाव. पण आता जगाला ठाऊक झालंय तू काय आहेस ते.

तुझी, कायमची ऋणी,
सुलेखा

०

नाशिक,
१४ मार्च २००५

सुलेखा,

आत्ताच पत्र आलं. वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण उद्यापर्यंत थांबले तर मी हे लिहिणार नाही.

तू मला सांभाळायला दिलेली किल्ली आणि मी तुला सांगितलेलं एक वाक्य. मी किल्ली सांभाळली. तुला एक वाक्य सांभाळता आलं नाही.

आता खरं वाच. आदल्या दिवशी धारेवरून येताना माझ्या पायाखालचा बर्फ खचला, आठवतं? कमरेपर्यंत खाली गेले, तू दोर ओढलास, मी वर आले आणि आपण दोघी हसलो. तू खरी हसलीस. मी नाही. त्यानंतर माझे गुडघे लटपटायचे थांबेनात. स्लीपिंग बॅगमध्ये मी हवा बिघडू दे म्हणून देवाला हात जोडत होते. वादळ येऊ दे, पासांग आजारी पडू दे, काहीही होऊ दे. पण मला उद्या वर जायला लागू नये. आणि मी घाबरलेय हे तुझ्यापुढे, बाईंपुढे, कुणापुढे म्हणायला माझी जीभ उचलेना.

तुझा बूट उकललेला पाहिला तेव्हा मला देव पावला. बूट मी तुला दिले नाहीत, सुलेखा. बूट मी माझ्या पायांतून काढून टाकले. त्या क्षणी तूच मला वाचवलंस, आणि मी वर तुझ्यावर उपकार केल्याचा आव आणला.

एकोणऐंशीचंही ऐकून घे. गोगटेबाईंनी माझं नाव काढलं नाही. यादीत नाव होतं. मी त्यांच्या घरी गेले आणि माझी प्रकृती साथ देत नाही असं सांगून नाव काढायला लावलं. त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोनदा खोटं बोलले. तुला वाटलं अहवालामुळे, मी वाटू दिलं.

सर्वांत वाईट ते शेवटी लिहिते. तू माझ्याकडे अपराधी नजरेनं बघायचीस, ते मला आवडायचं. दिवाळीत पहिला डबा माझा. माझ्या दुखण्यात महिनाभर रोज येणं. माझ्या मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी तू चार ऑफिसं पालथी घातलीस. मी सगळं हक्कानं घेतलं. पत्रात तू परवानगी मागितलीस तेव्हा खरं सांगायची वेळ होती. मी स्वेटर आतून घाल म्हणून लिहिलं.

आता दोनशे माणसं माझ्या नावानं टाळ्या वाजवून घरी गेली. ती टाळी मला इथे नाशकात लागली. तुझं मन हलकं झालं आणि माझ्यावर दगड ठेवलास. तुला दोष देत नाही, तुला माहीत नव्हतं. पण तू त्यांना जे सांगितलंस ते खोटं आहे. हे त्यांना सांगायची हिंमत तुझ्यात असेल तर सांग. माझ्यात नाही. माझ्यात ती तेव्हाही नव्हती.

प्रतिमा

०

कोलोरॅडो,
३१ मार्च २००५

प्रिय प्रतिमा,

तुझं पत्र पंचवीस तारखेला आलं. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. पोळ्या लाटताना भांडले, स्वानंदीची वेणी घालताना भांडले. ती म्हणाली, "आजी, हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीशी. सत्तावीस वर्षं मला झुरवलंस तू. माझ्या दिवाळीच्या डब्यांचं मी काय करू?

तिसऱ्या दिवशी मला एकदम हसू फुटलं. तंबूत दोघी पाठीला पाठ लावून पडलेल्या. पहिली बूट कधी वाळतात म्हणून तळमळतेय, दुसरी वादळ ये म्हणून हात जोडतेय. आणि दोघी एकमेकींना म्हणताहेत, झोप लागली का गं?

तर ऐक. काल सीझनचा शेवटचा बुधवार होता. त्या दिवशी इथे फिल्म नसते. हिवाळाभराचे सगळे वक्ते पुन्हा येतात आणि पाच-पाच मिनिटं बोलतात. मी तुझं पत्र घेऊन गेले. लिंडाला म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं, दुरुस्त करायचंय.

मी उभी राहिले आणि तुझं पत्र वाचलं. मराठीत एक वाक्य, मग इंग्रजीत तेच. देव पावला याचं इंग्रजी करताना अडले, तिथे निमिषनं मदत केली. गोगटेबाईंचं वाचलं. दिवाळीच्या डब्याचंही वाचलं. माझं मीही घातलं, की अहवालातल्या तुझ्याविषयीच्या त्या वाक्यानं माझी चूक झाकली गेली म्हणून मला बरंच वाटलं होतं. 

टाळ्या नाहीत.  मला वाटलं, संपलं सगळं.

मग तो सायकलवाला म्हातारा उठला. म्हणाला, मी आर्क्टिकच्या आधी तीनदा निघून तीनदा परत आलो, आणि तिन्ही वेळा सायकल बिघडली असं सांगितलं. सायकल धडधाकट होती. मग लाल जॅकेटमधली एक बाई, बावीस वर्षं त्या गस्तीच्या पथकात आहे, ती म्हणाली, मोठा हिमपात झाला की दर सकाळी मी देवाकडे हेच मागते, आज वर जायची माझी पाळी नको. तिच्या शेजारचे दोघं तिच्याकडे बघतच राहिले, आणि मग त्यातला एक म्हणाला, मी पण. हिमनदीवाली बाई म्हणाली, साखरेचं भांडण साखरेचं नव्हतंच. अगं, रांग लागली. पाच-पाच मिनिटांचा कार्यक्रम कुणाला आवरेना. कोको तीनदा करावा लागला. हिवाळाभर जी माणसं मला वाघासारखी वाटली ती एकेक उभी राहून सांगत होती आपण कुठे घाबरलो, आणि लोक हसत होते, डोळे पुसत होते. मी इथे चार महिन्यांत पुष्कळ फिल्म पाहिल्या. कालच्यासारखी संध्याकाळ एकही नव्हती.

मी तुझ्यावर रागावले होते, आता नाही. तूही माझ्यावर रागावून राहू नकोस. फिटंफाट नाही म्हणत मी, आपल्यात कधी काही होतं असंच वाटेनासं झालंय.

शेवटी एका लिफ्टवाल्या पोरीनं विचारलं, प्रतिमा अजून डोंगर चढते का? माझ्या तोंडात हो आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, विचारून सांगते.

तेव्हा विचारतेय. लिंडाला कळवायचंय.

सुलेखा

०

नाशिक,
१२ एप्रिल २००५

प्रिय सुलेखा,

पत्र काल आलं. दोनदा वाचलं आणि मग शैलजाला दिलं. आधी मी तिला निवडक वाचून दाखवायचे. या वेळी अख्खं हातात दिलं, माझ्या चौदा तारखेच्या पत्रात काय होतं तेही तोंडी सांगितलं. तिनं वाचून घडी घातली आणि म्हणाली, "आई, उद्या सकाळी पांडवलेणीला जाऊ या?"

म्हणून आज सहाला गेलो. पायऱ्याच आहेत, कातळ नाही, हे तुझ्या लिंडाबाईंना स्पष्ट सांग. मी तीनदा बसले. वरून सगळं शहर दिसलं, धुळीतलं. चढताना काही वाटलं नाही.

उतरताना वाटलं. निम्म्यावर एका ठिकाणी पायऱ्या झिजल्यात, खाली पाहिलं आणि गुडघे तेच करायला लागले, त्या तंबूतलं. माझ्या तोंडाशी आलं होतं की चप्पल घसरतेय. चांगली नवी चप्पल आहे. मग म्हटलं, "शैलजा, मला भीती वाटतेय. हात धर."

ती बारा वर्षं घरात आहे. म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही." आणि तिनं हात धरला.  पायऱ्या संपल्या, रस्ता आला, रिक्षावाला थांबून विचारायला लागला, तरी मी तिचा हात सोडला नव्हता.

प्रतिमा